नळी, लाकूड आणि ‘पेटंट ब्रीच’: ठासणीच्या पिस्तुलांच्या जोडणीची पार्श्वभूमी

ठासणीचे, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायचे पिस्तूल जुन्या पद्धतीने घडवू पाहणाऱ्या कारागिराला नळी लाकडात धरून ठेवण्याचे प्रामुख्याने तीन मार्ग उपलब्ध असतात: लाकडातून आरपार जाणाऱ्या बारीक आडव्या खिळी, त्यांच्या जागी चपटी पाचर, किंवा बुडाशी आकडा आणि पुढच्या अंगाला पाचर. हे मार्ग इतिहासात साधारण याच क्रमाने रुळले. मात्र नवा मार्ग आला म्हणून जुना बंद पडला असे कधी झाले नाही, आणि आजच्या बऱ्याच वादांचे मूळ तिथेच आहे. मराठीतला ‘दस्ता’ हा शब्द मुठीलाही वापरतात आणि नळीखालच्या संपूर्ण लाकडालाही. येथे तो दुसऱ्या अर्थाने घेतला आहे.

सोळाव्या शतकातील जर्मन चक्री चापाच्या (फिरत्या चाकाने ठिणगी पाडणाऱ्या) पिस्तुलांपासून नळी लाकडाच्या लांबट खोबणीत निजवण्याची रीत युरोपात दिसते. आपल्याकडील तोड्याच्या (जळत्या वातीने पेटणाऱ्या) बंदुकीत हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडवलेला होता. तेथे नळी दस्त्यावर ठेवून धातूच्या पट्ट्यांनी किंवा चामड्याच्या वाद्यांनी आवळत, त्यामुळे लाकडाला भोके पाडावी लागत नसत आणि पट्टे सोडले की नळी मोकळी होई. युरोपीय कारागिराने मात्र नळीच्या पोटाला लहान कान जोडले, ते लाकडातील खाचांत उतरवले आणि बाजूने खीळ ठोकली. स्कॉटलंडच्या डून गावच्या कारागिरांनी अख्खे पिस्तूलच धातूचे घडवून लाकडाला रजा दिली, पण तो या विषयातला अपवाद.

खिळीची पद्धत स्वस्त, दिसायला नीटस आणि मजबूत होती. तिची अडचण नळी काढताना कळते. काळ्या दारूची राख हवेतील ओल शोषून घेते आणि नळी पाण्याने धुतली नाही तर गंज धरतो. धुण्यासाठी दर वेळी खिळी ठोकून काढाव्यात, तर भोकाच्या कडेचे लाकूड टवके होऊन उडते, कारण पुढच्या अंगाला नळीच्या दोन्ही बाजूंचे लाकूड अगदी पातळ असते, आणि नळीची खोबण व दारू ठासण्याच्या गजाचे भोक यांच्यामधला पडदा तर चांगल्या कामात जेमतेम ३ मिलिमीटरचा ठेवतात. त्यात दमट हवेत लाकूड फुगते, कोरड्या हवेत आकसते, आणि लोखंड त्याच्या जोडीने हलत नाही. म्हणून कानातील भोक गोल न ठेवता कानशीने लांबट करण्याची शिस्त पडली. ते गोलच राहिले, तर ताण येताच लाकूड खिळीपाशी चिरते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील उंची पिस्तुलांवर, विशेषतः द्वंद्वयुद्धाच्या जोड्यांवर, पाचर आणि आकडा दोन्ही रुळले. पाचर बोटाने ढकलली की सरकते, आणि ती बाहेर पडून हरवू नये म्हणून पुढे तिच्यात फट ठेवून एका बारीक खिळीने ती लाकडातच अडकवून ठेवू लागले. बुडाशी मात्र मोठा बदल झाला. पूर्वी नळीचे बूड बंद करणाऱ्या बोंडाला मागे शेपटी असे, आणि ती स्क्रूने लाकडावर कायमची आवळलेली असे. आता शेपटी वेगळी झाली, तिच्यापुढे एक उभी भिंत आली आणि नळीच्या बुडाचा आकडा त्या भिंतीतील घरात अडकू लागला. पाचर काढायची, नळीचे तोंड वर उचलायचे, की आकडा सुटतो.

पारिभाषिक गोंधळाला सुरुवात येथूनच होते. १७८७ साली लंडनच्या एका बंदूककाराने बुडाच्या नव्या रचनेचे पेटंट घेतले. त्या पेटंटाचा आकड्याशी मुळात संबंध नव्हता. त्यात बुडाच्या बोंडातच एक लहान कोठी ठेवली होती. रंजकाची (बाहेरून पेटवण्याच्या बारीक दारूची) ठिणगी आधी या कोठीतील थोडी दारू पेटवी आणि तिचा झोत पुढच्या मुख्य दारूत घुसून ती एकदम पेटवी. थोड्याच वर्षांत इतरांनी त्यात आपापल्या सुधारणा केल्या. आकडा १७८७ च्या आधीपासून वापरात होता; परंतु यानंतरच्या उत्तम प्रतीच्या बंदुका-पिस्तुलांत कोठी आणि आकडा बहुधा एकत्रच येऊ लागले, त्यामुळे गिऱ्हाईक, दुकानदार आणि पुढे संग्राहकही आकड्याच्या बुडाला सरसकट ‘पेटंट ब्रीच’ म्हणू लागले. आजही आकडा असलेल्या पण कोठी नसलेल्या नव्या नकला याच नावाने विकल्या जातात.

हा नुसता शब्दांचा खेळ असता, तर एवढी जागा त्याला देण्याचे कारण नव्हते. नळी बसवण्याच्या कामावर त्याचा थेट परिणाम होतो. साध्या बुडात बत्तीचे भोक (ज्यातून ठिणगी आत जाते) नळी आणि चाप दोन्ही लाकडात बसल्यानंतर पाडता येते, म्हणजे नळी केसभर मागेपुढे झाली तरी ती चूक सावरता येते. कोठीच्या बुडात ते भोक कोठीतच उघडायला हवे, त्यामुळे नळीची जागा आधीच ठरून जाते आणि चुकीला वाव उरत नाही. आकड्याची अट आणखी वेगळी आहे. उडवल्याचा धक्का नळी आता थेट लाकडाला न देता उभ्या भिंतीला देते आणि भिंत तो लाकडाला देते, म्हणून धातूला धातू निर्दोष भिडणे लाकडी खोबणीच्या सफाईइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे ठरते. जाणकार कारागीर नळी आणि भिंत आकड्याने एकत्र जोडून, एकच तुकडा समजून, लाकडात उतरवतात. दोन्ही सुटे कोरणाऱ्याच्या पिस्तुलात पाचर कितीही घट्ट मारली तरी नळी डुगडुगते. सफाईतही फरक पडतो: कोठी अरुंद असल्याने नळीच्या मापाचा ब्रश तिच्यात शिरत नाही, आणि आपल्या पिस्तुलात कोठी आहे हेच ठाऊक नसलेला मालक राख आतच ठेवतो.

लष्करी कारखान्यांचा रस्ता वेगळा होता. फ्रेंच पायदळाच्या १७२८ च्या बंदुकीने खिळींऐवजी कडी आणली आणि अमेरिकी शस्त्रागारांनी पुढे तोच नमुना उचलला. १८१९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका कारागिराने वेडेवाकडे आकार कातणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात दस्त्याचा बाहेरचा आकारच नव्हे तर नळीची खोबणही यंत्रावर कोरली जाऊ लागली. १८५० च्या दशकात इंग्लंडने एन्फील्डच्या सरकारी शस्त्र कारखान्यासाठी हीच अमेरिकी यंत्रे मागवली. पिस्तुलांपुरता मात्र हा अध्याय लवकर मिटला, कारण कोल्टच्या १८३६ च्या पेटंटानंतर पसरलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळीखाली लाकूड उरलेच नाही, फक्त मुठीला राहिले.

आजचे बहुतेक प्रश्न पुनरुज्जीवनाच्या काळातले आहेत. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकांच्या हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना १९३३ मध्ये उभी राहिली. १९६८ च्या अमेरिकी शस्त्र कायद्याने ठासणीच्या नकलांना बहुतांशी प्राचीन शस्त्रांच्या वर्गात ठेवल्याने सुटे भाग टपालाने घरपोच मिळू लागले, आणि १९७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या उत्साहात पिस्तुलांचे जुळणी-संच भरभरून खपले. त्या संचांत खोबण जवळजवळ पुरती कोरलेली असे आणि ही सोय म्हणूनच जाहिरात होई. पण फिरत्या पात्याला चौकोनी कोपरा कोरता येत नाही. बुडाशी, म्हणजे धक्का घेणाऱ्या नेमक्या जागी, खोबण गोलसर राहते. तो कोपरा पटाशीने चौरस करण्याचा कंटाळा केला, तर नळीचा मागचा भाग लाकडाला दोन-तीन ठिकाणीच टेकतो आणि शेपटीमागे चीर जाते.

जुन्या पद्धतीत या कामाला काजळी आणि धीर पुरतो. नळीला तेलात खललेली काजळी लावायची, ती खोबणीत दाबायची, उचलायची, आणि लाकडावर काळा ठिपका उमटेल तेवढाच खरवडायचा. अष्टकोनी नळी अर्धी आत जाईपर्यंत हे शेकडो वेळा होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रायफलींसाठी आलेली इपॉक्सी राळ इथे आडवाट ठरली: खोबण ढिली कोरायची, नळीला न चिकटण्याचा लेप द्यायचा, राळ ओतायची आणि नळी दाबून ठेवायची. राळेचे समर्थक सांगतात की ती लाकडाला तेल आणि ओल यांपासून वाचवते आणि पातळ पुढच्या भागाला आधार देते, आणि हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. विरोधकांचा आक्षेप असा की ती लाकडाच्या छिद्रांत मुरते, पुन्हा निघत नाही, आणि जुन्या अस्सल पिस्तुलात एकदा ओतली की मूळ कारागिराच्या पटाशीच्या खुणा कायमच्या बुजतात. नव्या संचाच्या बुडाशी राहिलेली फट राळेने भरणे आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या खोबणीत राळ ओतणे ही दोन कामे एकाच नावाने ओळखली जातात, त्यामुळे हा वाद अजून मिटलेला नाही.