मातेकडून बाळाला होणाऱ्या एचआयव्ही संसर्गाचा प्रतिबंध

एचआयव्हीबाधित स्त्रीच्या बाळाला गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून होऊ शकणारा संसर्ग टाळण्यासाठी केलेले उपाय. कोणताही उपाय न केल्यास सुमारे 15 ते 45 टक्के बाळांना लागण होते. मातेला वेळेवर व नियमित औषधे मिळाल्यास हे प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली, आणि स्तनपान नसेल तर 2 टक्क्यांच्याही खाली येते.

संसर्ग नेमका केव्हा होतो, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. गर्भपाताच्या ऊतींत विषाणू आढळल्याच्या जुन्या नोंदींवरून लागण गर्भधारणेच्या आरंभीच होते, असे काही संशोधक मानत. मात्र त्या नमुन्यांत मातेचे रक्त मिसळले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. वार (गर्भाला गर्भाशयाशी जोडणारा अवयव) बऱ्याच अंशी अडसर ठरते, आणि गर्भाशयातील संसर्ग मुख्यतः शेवटच्या आठवड्यांत होतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जन्मानंतर 48 तासांच्या आत विषाणू सापडल्यास संसर्ग गर्भाशयात झाला, असे समजण्याचा संकेत आहे. स्तनपान नसलेल्या बाळांतील बहुतांश संसर्ग प्रसूतीच्या सुमारास, मातेचे रक्त व योनिस्रावांच्या संपर्कातून होतात.

औषधाने संसर्ग रोखता येतो, याचा पहिला भक्कम पुरावा 1994 मध्ये मिळाला. अमेरिका व फ्रान्समधील चाचणीत झिडोव्हुडीन या विषाणुरोधी औषधामुळे प्रमाण 25.5 वरून 8.3 टक्क्यांवर आले. हा उपचार लांबलचक व महाग होता. 1999 मध्ये युगांडातील चाचणीत कळा सुरू होताना मातेला आणि जन्मानंतर 72 तासांत बाळाला नेव्हिरापीन या दुसऱ्या विषाणुरोधी औषधाची एकेक मात्रा देऊन, झिडोव्हुडीनच्या अल्प उपचाराच्या तुलनेत संसर्ग जवळजवळ निम्म्याने घटल्याचे दिसले. मात्र एका मात्रेनंतर अनेक मातांमधील विषाणू औषधाला दाद देईनासे झाले. बाळ वाचवताना आईच्या पुढील उपचारांची वाट अरुंद करणे योग्य नव्हते. ती पद्धत मागे पडली, हे बरेच झाले.

सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न स्तनपानाचा. नैरोबीतील, 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांअखेर स्तनपान गटातील 36.7 टक्के, तर वरच्या दुधाच्या गटातील 20.5 टक्के बाळांना लागण झालेली होती. मृत्यूचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखेच राहिले. अतिसार व कुपोषणाचा धोका या हिशेबात धरावाच लागतो. डर्बनमधील 1999 च्या अभ्यासात, तीन महिन्यांच्या वयापर्यंत, फक्त अंगावर पाजलेल्या बाळांत मिश्र आहारावरील बाळांपेक्षा संसर्ग कमी आढळला. बाहेरच्या अन्नाने आतड्याच्या अस्तराला इजा होते, तसेच अनियमित पाजण्याने स्तनदाह होऊन दुधातील विषाणुभार (विषाणूंचे प्रमाण) वाढतो, अशी कारणे सुचवली गेली. त्या अभ्यासात माता स्वतःहून गटांत विभागल्या गेल्या होत्या, हा आक्षेप रास्त आहे. तरी झिंबाब्वेतील 2005 च्या निष्कर्षांनी डर्बनच्या निष्कर्षाला दुजोरा दिला. अंगावरचे दूध एकाएकी तोडण्याचा सल्लाही झांबियातील चाचणीनंतर टिकला नाही. आता माता औषधे घेत असेल, तर पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान व नंतर पूरक आहारासह किमान वर्षभर स्तनपान, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सुरक्षित वरचे दूध सहज मिळते अशा देशांत स्तनपान टाळण्याकडे कल राहिला आहे.

रोगप्रतिकारक पेशींची संख्या न पाहता प्रत्येक बाधित गर्भवतीला आजीवन तिहेरी औषधोपचार देण्याचे धोरण 2011 मध्ये मलावीने स्वीकारले. पुढे 2015 मध्ये सर्व बाधितांना उपचार देण्याची शिफारस झाली. आज आईचे स्वतःचे उपचार हाच प्रतिबंधाचा कणा मानला जातो. विषाणुभार रक्ताच्या प्रति मिलिलिटरमागे 1000 पेक्षा जास्त राहिल्यास अनेक देशांत सुमारे 38 व्या आठवड्यात नियोजित शस्त्रक्रियेने प्रसूती करतात. तो आटोक्यात असल्यास नैसर्गिक प्रसूती पुरेशी सुरक्षित असते.

मातेची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात 18 महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे प्रतिपिंडेच शोधणारी नेहमीची चाचणी फसवी ठरते आणि विषाणूच्या जनुकीय द्रव्याचीच तपासणी करावी लागते. ती साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत होणे फार निकडीचे आहे, कारण उपचारांविना बाधित बालकांपैकी सुमारे निम्मी दोन वर्षांची होण्याआधीच दगावतात.

या मार्गाने होणाऱ्या संसर्गाच्या उच्चाटनाचे प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेकडून सर्वप्रथम 2015 मध्ये क्यूबाला मिळाले. थायलंड, बेलारूस व आर्मेनिया 2016 मध्ये त्या यादीत आले.