तांबी बसवायला येताय? आधी तारीख सांगा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी हा प्रसंग होतोच. कुणी मांजलपूरहून, कुणी कारेलीबागेतून रिक्षा करून येते. बाळ सासूबाईंकडे, ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा. "मॅडम, आज तांबी बसवूनच जाते." तांबी म्हणजे कॉपर-टी, दिवस राहू नयेत म्हणून गर्भाच्या पिशवीत बसवतात ती. मी विचारते, शेवटची पाळी कधी आली होती? "अं... गणपती गेल्यावर. की पितृपक्षात?" इथे काम अडतं, कारण तारीख कळल्याशिवाय गर्भ आधीच राहिलेला नाही याची खात्री देता येत नाही. मग आम्ही "पाळी आली की या" म्हणतो, आणि ताई रागावून जिना उतरतात. राग बरोबर आहे. पण तांबी न बसवणंही बरोबर आहे, आणि ते का, हे रोज दारात उभ्याने सांगत बसण्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं.

घरात कालनिर्णय असतं. त्यावर दुधाचा हिशेब असतो, सिलिंडर कधी लावला ते असतं, भिशीची तारीखही असते. पाळीचा ठिपका तेवढा नसतो. पहिला दिवस तेवढा मांडा, बाकी काही नको. मोबाइलमध्ये लिहिलंत तरी चालेल.

"मग लघवीची तपासणी करा ना, पाच मिनिटांत कळेल!" हे हमखास ऐकायला मिळतं. पाच मिनिटांत पट्टीचं उत्तर कळतं, खरं उत्तर कळेलच असं नाही. संबंध आल्याला साधारण 3 आठवडे झाल्याशिवाय त्या पट्टीवर भरवसा ठेवता येत नाही. आठ-दहा दिवसांपूर्वी गर्भ राहिला असेल तर एकच रेघ येऊ शकते. आपण निश्चिंत होतो, आणि महिन्याभराने त्याच पिशवीत तांबीही आणि गर्भही. मग गर्भपाताचा आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि त्या बाईचे हाल होतात ते वेगळेच. एक फेरी वाचवण्यासाठी हा जुगार मी खेळत नाही.

तेव्हा सोपा हिशेब असा. पाळी सुरू झाल्यापासून 12 दिवसांच्या आत आलात तर त्याच दिवशी बसवून जा. पाळी चालू असली तरी चालतं, लाजू नका. 12 दिवस उलटले असतील, पण पाळीनंतर संबंध आलेला नाही, किंवा गोळ्या वा निरोध न चुकता चालू आहे, तरीही चालतं. फक्त खरं सांगा. बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत बसवता येते, ती वेळ टळली तर 6 आठवड्यांनी. आणि निरोध फाटला, किंवा घाईत राहूनच गेला, आणि अजून 5 दिवस झाले नसतील, तर पाळीची वाट बघत घरी बसू नका, लगेच फोन करा. त्या वेळी तांब्याची तांबी हाच सगळ्यात खात्रीचा उपाय असतो. हे फार थोड्या जणींना माहीत आहे.

आता बसवायची की नाही, याबद्दल. माझ्या टेबलावर एक नमुना ठेवलेला आहे, हातात घेऊन बघा. पांढऱ्या प्लास्टिकची, 36 मिलिमीटर उंच, 32 मिलिमीटर रुंद, दांडीवर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, खाली दोन दोरे. बहुतेकींच्या तोंडून "एवढीशीच?" असंच निघतं. मनात जे चित्र असतं ते सासूबाईंनी सांगितलेल्या लूपचं. तो 1965 साली सरकारी कार्यक्रमात आला, नुसत्या प्लास्टिकचा, नागमोडी. हिच्यात काम करतं ते तांबं: शुक्रजंतू त्यात निकामी होतात आणि बीजापर्यंत पोहोचतच नाहीत. शेजारच्या गुजराती बेन हिला आंकडी म्हणतात, आणि ती आंकडी छातीत चढते, ही गोष्टही त्यांच्याकडूनच आपल्याकडे येते. गर्भाशयातून छातीकडे वाट नाही. बसवताना गर्भाशयाला भोक पडणं ही खरी जोखीम आहे, हजारात एखाददुसरीला होते. अंगावर दूध पाजणाऱ्यांत जरा जास्त, म्हणून दूध पाजत असाल तर आवर्जून सांगा.

मी प्रत्येकीला दोनच गोष्टी विचारते. पुढचं मूल किती वर्षांनी हवं, आणि पाळी कशी जाते. वर्षभरातच मूल हवं असेल तर तांबीचा खटाटोप कशाला, निरोध किंवा गोळ्या पुरे. तीन-चार वर्षं थांबायचं असेल, किंवा दोन मुलं झाली पण ऑपरेशन नको असेल, तर तांबीसारखं सुटसुटीत दुसरं काही नाही. शंभरात एखादीलाही पहिल्या वर्षी दिवस राहत नाहीत, आणि काढली की लगेच मूल होऊ शकतं. तांब्याच्या तांबीचे दोन प्रकार आहेत: 380ए ही 10 वर्षं चालते, 375 ही 5 वर्षं.

पाळीचं मात्र लपवू नका. आधीच गाठी पडत असतील, दिवसाला सहा-सात पॅड लागत असतील, रक्त कमी असेल, तर तांब्याची तांबी नको, कारण तिने रक्तस्राव वाढतो. अशांसाठी हॉर्मोनची येते. ती महाग आहे, पण पाळी कमी करते, काहींची बंदही करते. सुरुवातीचे काही महिने मधूनमधून डाग लागतात, तेवढी तयारी ठेवा. पिशवीत जंतुसंसर्ग असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल, किंवा गाठीमुळे पिशवीचा आकार बिघडला असेल, तर यातली कोणतीच बसवत नाही. गुप्तरोगांपासून तांबी वाचवत नाही, त्याला निरोधच.

बसवल्यावरची एक विनंती. पहिल्या तीन पाळ्या जड जातात, कंबर धरते, दोन दिवस जास्त जातं. याच काळात "काढा बाई ही ब्याद" म्हणत येणाऱ्या खूप. काढा म्हणालात तर मी काढीन, तो तुमचा हक्क आहे. पण पहिल्याच पाळीला काढलेली तांबी म्हणजे सगळा त्रास भोगून सोय सोडून देणं. वेदनेची गोळी लिहून देतो, ती घ्या, तीन पाळ्या बघा. ताप, घाण वासाचा स्राव, ओटीपोटात जोराची कळ, चुकलेली पाळी, किंवा दोरा हाताला न लागणं, यांतलं काही झालं तर मात्र त्याच दिवशी या. वीसेक जणींत एकीची पहिल्या वर्षात आपोआप निघून येते, आणि पुष्कळदा कळतही नाही, म्हणून पाळीनंतर दोरा चाचपायचा. गरब्यात घुमल्याने ती पडत नाही. फक्त नवरात्राच्या आदल्या आठवड्यात बसवू नका, नऊ रात्री पॅडची काळजी कोण करणार?

सरकारी दवाखान्यात तांबी फुकट बसवतात आणि तीही चांगलीच असते, हे मी लपवत नाही. आमच्याकडे पैसे पडतात. त्यात पहिल्या पाळीनंतरची तपासणी धरलेली आहे, दोरा दिसला नाही तर सोनोग्राफी इथेच होते, आणि कोणती तांबी, कधी बसवली, कधी काढायची हे कार्डावर लिहून देतो. कार्ड हरवतंच, म्हणून रजिस्टरमध्ये ठेवतो आणि मुदत संपायच्या आधी फोन करतो. दुसरीकडे बसवलेली तांबी घेऊन "2011 असेल नाहीतर 2013" म्हणत येणाऱ्यांचं कोडं सोडवण्यात माझे बरेच दुपारचे तास गेले आहेत.

नवऱ्याची सही लागत नाही. तुमची लागते.

तांबीसाठी मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी 3 ते 5. फोन करून वेळ घ्या. काउंटरवर पहिला प्रश्न तारखेचाच असेल.