ब्रिटनमधल्या सार्वमतात टपालानं मत: हक्क कुणाला, अर्ज कसा आणि पाकीट कुठे अडकतं

कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेकडून, आलेलं जाड पाकीट फोडलं की आतून मतपत्रिका, सूचनांचा कागद, 'ए' आणि 'बी' अशी दोन पाकिटं आणि सही-जन्मतारखेचं एक निवेदन निघतं. आमच्याकडे पहिल्यांदा हे आलं तेव्हा जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघांनी मतपत्रिकेवर अर्धा तास वाद घातला आणि निवेदन अर्ध्या मिनिटात उरकलं. नवऱ्यानं जन्मतारखेच्या चौकटीत त्या दिवसाची तारीख घातली. चिकटवण्याआधी माझी नजर गेली म्हणून बरं, नाहीतर ते मत मोजणीपर्यंत पोचलंच नसतं. कौन्सिलला फोन करून नवं पाकीट मागवलं. तेव्हापासून ओळखीत कुणी पोस्टल व्होटबद्दल विचारलं की मी या निवेदनापासूनच सुरुवात करते.

त्याआधी हक्काचं बघू, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांना तो आपल्याला आहे हेच माहीत नसतं. भारतीय पासपोर्टवर इथं राहणारा माणूस राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मतदार होऊ शकतो. वय १८ पूर्ण, इथला पत्ता आणि राहण्याची वैध परवानगी एवढं पुरतं. वर्क व्हिसा, स्टुडंट व्हिसा, डिपेंडंट, सगळे यात आले. २३ जून २०१६ च्या युरोपीय संघाच्या सार्वमतात इथले भारतीय नागरिक मत देऊ शकत होते आणि इथंच वर्षानुवर्षं राहणाऱ्या फ्रेंच किंवा पोलिश शेजाऱ्याला मात्र तो हक्क नव्हता. इथं मत दिल्यानं भारतीय नागरिकत्वाला धक्का लागत नाही. ही भीती मी इतक्यांदा ऐकली आहे की सांगून टाकलेलं बरं.

सार्वमत म्हटलं की आपल्याला १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा कौल आठवतो: महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, नाही तर दोन पानं. इथंही देशभराची सार्वमतं क्वचितच होतात: १९७५, २०११ आणि २०१६. दर वेळी संसद वेगळा कायदा करते आणि मतदार कोण हेही त्यातच ठरतं. स्कॉटलंडनं २०१४ मध्ये स्वातंत्र्याच्या सार्वमतात १६ वर्षांच्या मुलांनाही मत दिलं होतं. स्थानिक सार्वमतं मात्र अधूनमधून चालूच असतात. ब्रिस्टलनं मे २०२२ मध्ये थेट निवडून येणारा महापौर नको असा कौल दिला. गावाचा नेबरहुड प्लॅन, म्हणजे परिसराच्या विकासाचा स्थानिक आराखडा, मंजूर करायलाही सार्वमत घेतात आणि तुमच्या दारात बहुधा तेच येईल. खाली दिलेली पद्धत इंग्लंडची आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तपशील थोडे बदलतात. उत्तर आयर्लंडमध्ये टपाली मतासाठी कारण द्यावं लागतं, इंग्लंडमध्ये कारण कुणी विचारत नाही.

मतदार यादीत नाव हवं, ही पहिली पायरी. नोंदणी सरकारी संकेतस्थळावर होते. नाव, पत्ता, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर (नोकरी-करासाठी इथं मिळणारा वैयक्तिक क्रमांक) भरला की पाच मिनिटांत काम संपतं. आपले बरेच लोक क्रेडिट स्कोअर सुधारावा म्हणून हे करतात आणि मताचा हक्क सोबत फुकटात पदरात पडतो. नंबर अजून आला नसेल तरी अर्ज करता येतो, मग कौन्सिल ओळखीचे दुसरे कागद मागतं.

पोस्टल व्होटचा अर्ज वेगळा. यादीत नाव आलं की पाकीट आपोआप येईल या समजुतीत राहू नका. ३१ ऑक्टोबर २०२३ पासून तो ऑनलाइन करता येतो, कागदी फॉर्मही चालतो. पुन्हा तोच इन्शुरन्स नंबर लागतो, आणि सहीचा फोटो. पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या शाईनं सही करा आणि उजेडात फोटो काढा. सही मराठीत करत असाल तर खुशाल मराठीत करा, पुढं निवेदनावरही तीच हवी. माझी एक मैत्रीण बँकेत इंग्रजीत सही करते आणि बाकी सगळीकडे देवनागरीत. तिला मी अर्जाचा स्क्रीनशॉट काढून ठेवायला लावला. हात थरथरत असल्यामुळे किंवा अपंगत्वामुळे एकसारखी सही जमत नसेल, तर सहीतून सूट मागता येते. घरातल्या वयस्कर माणसांसाठी हे लक्षात ठेवा.

ही सोय जास्तीत जास्त तीन वर्षं चालते, मग नव्यानं अर्ज. ऑक्टोबर २०२३ पूर्वी घेतलेली जुनी सोय ३१ जानेवारी २०२६ ला संपली. तेव्हा 'माझं पोस्टल आहेच' असं म्हणणाऱ्यांनी एकदा कौन्सिलला विचारून घ्यावं.

मुदती कामकाजाच्या दिवसांत मोजतात, शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे सोडून. नोंदणी मतदानाच्या १२ दिवस आधी मध्यरात्रीपर्यंत, पोस्टल व्होटचा अर्ज ११ दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत. मतदान बहुतेकदा गुरुवारी असतं. मध्ये सुट्टी नसेल तर दोन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार आणि बुधवार, असं सरळ गणित. मे महिन्यात मात्र बँक हॉलिडे हे गणित पुढंमागं करतो. शेवटच्या रात्रीवर विसंबू नका. २०१६ मध्ये ७ जूनला नोंदणीचं संकेतस्थळ गर्दीनं बसलं आणि मुदत ९ जूनपर्यंत वाढवावी लागली. दर वेळी असं नशीब साथ देईल याचा भरवसा काय?

पाकीट आलं की एकट्यानं, निवांत भरा. सार्वमताच्या मतपत्रिकेवर एक प्रश्न आणि बहुधा दोनच पर्याय असतात. एका चौकटीत फुली मारायची, बरोबरची खूण नको, नावही नको. मतपत्रिका 'ए' पाकिटात घालून बंद करा. मग निवेदनावर सही आणि जन्मतारीख घाला, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. ही माहिती अर्जातल्या नोंदीशी ताडून पाहिली जाते आणि जुळली नाही तर मत बाद होतं. 'ए' पाकीट आणि निवेदन दोन्ही 'बी' मध्ये जातात. निवेदन 'ए' मध्ये कोंबू नका. नवरा-बायकोची पाकिटं एकाच वेळी आली तर एकाचं पूर्ण बंद झाल्यावरच दुसरं उघडा, कारण मतपत्रिका आणि निवेदन यांचे क्रमांक जुळावे लागतात.

ब्रिटनमधून 'बी' पाकिटाला तिकीट लागत नाही. लाल पेटीत टाका, पण मतदानाच्या दिवशी रात्री दहाच्या आत ते पोचलं पाहिजे, नुसतं पोस्टात पडून भागत नाही. उशीर झाला तर तुमच्या भागातल्या मतदान केंद्रावर हातानं देता येतं. तिथं एक छोटा फॉर्म भरावा लागतो. एक माणूस स्वतःचं आणि आणखी जास्तीत जास्त पाच जणांचीच पाकिटं तिथं देऊ शकतो. कौन्सिलच्या दाराच्या फटीतून आत सरकवलेलं पाकीट मोजलं जात नाही. प्रचार करणाऱ्या कार्यकर्त्याच्या हातात तर अजिबात देऊ नका. तो घरचाच माणूस नसेल तर त्यालाही पाकीट हाताळायची मनाई आहे.

एकदा पोस्टल व्होट घेतलं की केंद्रावर जाऊन मतपत्रिका मागता येत नाही, फक्त आपलं भरलेलं पाकीट देता येतं. 'पाकीट घरी राहिलं, इथंच देतो मत' म्हणणाऱ्याला परत पाठवतात. केंद्रावर मत देणाऱ्यांना फोटो ओळखपत्र लागतं, तिथं भारतीय पासपोर्ट चालतो. टपाली मताला ते लागत नाही.

पाकीट आलंच नाही तर मतदानाच्या चार कामकाजाच्या दिवस आधीपासून मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत दुसरं मागता येतं. आणि ऐन वेळी पुण्याला जायची वेळ आली तर पोस्टल नको, प्रॉक्सी घ्या, म्हणजे तुमच्या वतीनं दुसरा माणूस मत देतो: अर्ज सहा कामकाजाच्या दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत, आणि मत देणारा माणूस तुमच्या विश्वासातला. पाकीट पुण्यात पोचून परत यायला लागणारे दिवस टपाल खातं तुम्हाला उसने देणार नाही.