चॅक प्रश्नावलीचे तुर्की रूपांतर

सोळाव्या वाढदिवसाआधी सुरू झालेला, किमान सहा आठवडे टिकलेला आणि ज्याचे दुसरे कारण सापडत नाही असा सांधेदाह म्हणजे जुव्हेनाईल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, बोलीभाषेत लहान मुलांचा संधिवात. सुजलेले सांधे डॉक्टर मोजतात, रक्त प्रयोगशाळेत तपासले जाते. पण पोराला सकाळी बटणे लावता येतात का, हे घरच्यांनाच विचारावे लागते. त्यासाठी अमेरिकेत १९९४ मध्ये ‘चाइल्डहूड हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर’, म्हणजे ‘चॅक’, तयार झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठाची प्रौढांसाठीची प्रश्नावली तिचा आधार होता. तुर्की चॅक २००१ मध्ये प्रसिद्ध झाली.

चॅकमध्ये कपडे व केस आवरणे, उठणे, खाणे, चालणे, स्वच्छता, हात पोचणे, पकड आणि इतर कामे असे आठ विभाग असून एकूण ३० प्रश्न आहेत. गेल्या आठवड्यात मुलाला काय जमले, याचे उत्तर ० (अडचण नाही) ते ३ (जमतच नाही) असे द्यायचे. विभागातला सर्वाधिक गुण धरायचा आणि आठांची सरासरी काढायची. वेदना आणि एकूण प्रकृती यांसाठी दोन वेगळ्या मोजपट्ट्या असतात. वयामुळे न जमणारी गोष्ट आजारात मोजली जात नाही.

तुर्की रूपांतर एकट्यादुकट्याचे काम नव्हते. इटलीतील जेनोव्हा येथून चालणाऱ्या ‘प्रिंटो’ या बालसंधिवात संशोधन-जाळ्याने तिसाहून अधिक देशांत हाच उपक्रम एका पद्धतीने राबवला. तुर्की अहवालाच्या लेखकांत हूरी ओझदोआन आणि ओझगुर कासापचोपुर होते. मूळ इंग्रजीवरून तुर्की भाषांतरे करायची, मग ती पुन्हा इंग्रजीत उलटवून अर्थ कुठे घसरला ते पाहायचे आणि शेवटी पालकांना विचारायचे की वाक्यातून नेमके काय समजले. मुलाच्या एकंदर आरोग्याविषयीची ५० प्रश्नांची ‘सीएचक्यू’ ही दुसरी प्रश्नावलीही सोबतच तुर्कीत आली.

अशा कामात व्याकरण सहसा आड येत नाही. तुर्कीत तर सर्वनामाला लिंगच नाही. ‘ओ’ म्हणजे तोही आणि तीही. मराठीत ‘करू शकतो’ की ‘करू शकते’ हे आधी ठरवावे लागेल. पेच असतो तो घरातल्या वस्तूंचा. मूळ चॅकमध्ये न्याहारीच्या सिरियलचे (कॉर्नफ्लेक्ससारख्या पदार्थाचे) नवे खोके उघडणे, टबमध्ये आंघोळ, व्हॅक्यूमने सफाई अशी अमेरिकी घराची चिन्हे आहेत. पाव, चीज आणि ऑलिव्हची न्याहारी करणाऱ्या घरात त्या खोक्याला काय अर्थ? शौचालयाचा प्रश्न आणखी बोलका. तुर्कस्तानात उकिडवे बसायचे ‘आलातुर्का’ आणि खुर्चीसारखे ‘आलाफ्रांगा’ असे दोन्ही प्रकार आहेत. गुडघा सुजलेल्या मुलाला दोन्ही सारखे नाहीत, आणि प्रश्न मात्र एकच. भारतात प्रौढांसाठीची स्टॅनफर्ड प्रश्नावली बेतताना उकिडवे व मांडी घालून बसणे मुद्दाम विचारले गेले, ते याच अडचणीपोटी.

रूपांतर झाले म्हणजे ते खरे उतरले असे नाही. त्यासाठी रुग्ण आणि निरोगी मुलांच्या पालकांकडून उत्तरे घेऊन आकडे तपासले गेले. तुर्की चॅक दोन्ही गटांत फरक करू शकली. ताप-पुरळासह येणाऱ्या, अनेक सांधे धरणाऱ्या आणि थोड्या सांध्यांपासून पसरत जाणाऱ्या प्रकारांत मुलांचे अपंगत्व व वेदना निरोगी मुलांपेक्षा अधिक दिसल्या. चॅक निदान मात्र करत नाही. तुर्कस्तानात बऱ्यापैकी आढळणाऱ्या कौटुंबिक भूमध्यसागरी तापातही सांधे सुजतात. कारण कोणते, हे या कागदावरून कळणार नाही.

चॅकची मोठी उणीव भाषेची नाही. सौम्य आजारात अनेक मुलांचा गुण थेट शून्य येतो, आणि औषधे सुधारली तशी ही अडचण जास्त जाणवू लागली. लहान मुलांच्या संधिवातासाठीच्याच ‘जामार’ या नव्या प्रश्नावलीचे तुर्की रूप २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात हालचालींचे १५च प्रश्न आहेत. त्यांच्या जोडीला सकाळचा ताठरपणा, औषधांचे दुष्परिणाम आणि शाळेतल्या अडचणीही विचारल्या जातात, आणि पालकांसाठी एक व जाणत्या मुलांसाठी दुसरी अशी दोन पत्रके असतात.