रिमोट डिपॉझिशनची तयारी

डिपॉझिशन म्हणजे अमेरिकेतल्या दिवाणी दाव्यात, प्रत्यक्ष सुनावणीच्या आधी साक्षीदाराची शपथेवर घेतलेली जबानी, आणि ती व्हिडिओ कॉलवर झाली की रिमोट डिपॉझिशन. जज समोर नसतो, दोन्हीकडचे वकील, साक्षीदार आणि शब्द न् शब्द टिपणारा कोर्ट रिपोर्टर, बहुतेक वेळा एवढेच लोक. आपल्याला साक्ष म्हटलं की साक्षीदाराचा पिंजराच आठवतो, त्यामुळे घरच्या टेबलावर बसून दिलेली जबानी हलकी वाटते, पण शपथ तीच असते, मुद्दाम खोटं बोलणं हा गुन्हाच, आणि पुढे कोर्टात वेगळं काही बोललात तर हाच कागद काढून समोर ठेवतात.

अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टांच्या दिवाणी नियमांपैकी नियम ३० मध्ये याची सोय आहे. पक्ष आपसात सहमत असतील किंवा कोर्टाने आदेश दिला तर दुरून जबानी घेता येते, आणि वेगळं काही ठरलं नसेल तर जबानीला मर्यादा एका दिवसाची, ७ तासांची. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. २०२० मध्ये करोनाने सगळं बंद पाडल्यावर ही पद्धत फार पसरली. भारतात बसून जबानी द्यायची असेल तर ती इथून देता येते का हे वकिलाला आधीच विचारायचं, आणि वेळेचाही हिशोब करायचा, कारण न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे, म्हणजे तिकडची सकाळची १० ची वेळ इथे संध्याकाळी साडेसात किंवा रात्री साडेआठ होते, आणि अर्धी रात्र नेमकं बोलत राहायचं तर दुपारी झोप काढलेली बरी.

मशिनची तयारी सोपी. वायरचं इंटरनेट, हेडफोन, तोंडावर उजेड, चार्जर लावलेला, आणि ज्या सॉफ्टवेअरवर कागद दाखवणार आहेत त्याची एक चाचणी. खोलीत दुसरं कोणी नको, फोन लांब, चॅटच्या खिडक्या बंद. प्रश्न सुरू असताना आपल्या वकिलाला गुपचूप मेसेज करणं फार महागात पडतं. टेबलावर टिपणंही नकोत, कारण आठवण ताजी करायला जे वाचलं ते समोरचा वकील बघायला मागू शकतो. त्यामुळे आधी काय वाचायचं तेसुद्धा आपल्या वकिलालाच विचारून ठरवायचं.

खरी तयारी बोलण्याची आहे आणि मराठी माणसाला तीच जड जाते असं मला वाटतं. आपण ऐकत असताना मधेमधे "हं, हो, हो" करतो, त्याचा अर्थ फक्त "ऐकतोय, बोला" असा असतो, पण इंग्रजीत तसंच 'येस, येस' तोंडातून गेलं तर कागदावर तो होकार उमटतो. मान हलवली तर कागदावर काहीच येत नाही. कॉलवर आवाज जरा उशिरा पोचतो, दोघं एकदम बोलले की रिपोर्टरला कळत नाही, म्हणून प्रश्न पूर्ण ऐकायचा, एक श्वास थांबायचं, तेवढ्यात आपल्या वकिलाला हरकतही घेता येते. हरकत घेतली तरी बहुतेक वेळा उत्तर द्यावंच लागतं, वकिलाने 'देऊ नका' असं सांगितलं तरच थांबायचं, आणि ते तो वकील-अशिलातली गोपनीय बोलणी सांभाळायला किंवा अशाच मोजक्या कारणांसाठी सांगू शकतो. आठवत नसेल तर "आठवत नाही". "असेल बहुतेक" नको, तो अंदाज असतो आणि नंतर तोच गळ्यात पडतो.

ऑफिसात रोज इंग्रजी बोलत असाल तरी शपथेवर अडखळायला होत असेल तर दुभाषा मागायला लाजू नये, फक्त तो जबानीच्या खूप आधी वकिलाला सांगून ठरवावा लागतो. दुभाष्याबरोबरही सांभाळायच्या गोष्टी असतात. "परवा" म्हणजे मागचा की पुढचा हे आपल्याला वाक्यावरून कळतं, त्याला कळेलच असं नाही, तेव्हा सरळ तारीख सांगायची.

भारतात याच्याशी जवळची गोष्ट म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरून साक्ष, ती मात्र सहसा कोर्टासमोर होते. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या २००३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने फौजदारी खटल्यातही ती चालते असं ठरवलं, तिथे साक्षीदार डॉक्टर अमेरिकेत होता आणि खटला मुंबईत.

जबानी संपायच्या आत मागणी केली असेल तर फेडरल नियमांत जबानीची लेखी प्रत तयार झाल्याची सूचना मिळाल्यापासून ३० दिवस ती वाचून दुरुस्त्या, कारणांसकट, लिहून द्यायला मिळतात. ही मागणी राहून जाऊ नये म्हणून आदल्या दिवशीच वकिलाला आठवण करून ठेवायची.