माळ्यावरचे पुठ्ठे

शेजारच्या काकूंचं माहेर बार्शी. 1973 साली तिथे चिकनगुनियाची साथ आली, तेव्हा गावातली दर शंभरात सदतीस-अडतीस माणसं आजारी पडली, त्यात शाळकरी वयाच्या काकूही. मग हा आजार देशातून जवळपास बत्तीस वर्षं गायब झाला आणि 2005च्या अखेरीस परतला. परवा काकूंनी विचारलं, “मला एकदा होऊन गेलाय, म्हणजे सुटले ना रे मी?”

बी-पेशी म्हणजे प्रतिपिंडं, विषाणूला चिकटणारी प्रथिनं, बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी. विषाणू शिरला की असंख्य बी-पेशींपैकी मोजक्याच त्याला धरू शकतात. त्या काखेतल्या, जांघेतल्या गाठींत भराभर वाढतात (अवधाण येतं ते याच गडबडीत) आणि वाढताना त्यांच्यात बारीक बदल होत जातात. ज्यांची पकड सुधारली त्या टिकतात, बाकीच्या मरतात.

आपल्याकडचा चादरीचा जेकार्ड माग आठवा. वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, भोकांप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जातात आणि खाली मोर उमटतो. ऑर्डर संपली की माग थांबतो, पण ती माळ कोणी फेकत नाही, माळ्यावर ठेवतात. आजार सरल्यावर त्या टिकलेल्यांतल्या काही बी-पेशी मागे उरतात, त्या स्मृती-पेशी म्हणजे ही माळ. तोच विषाणू पुन्हा आला तर डिझाइन नव्याने काढावं लागत नाही. पहिल्या वेळी एक-दोन आठवडे लागतात ते काम या वेळी चार-पाच दिवसांत होतं.

काही पेशी मात्र अस्थिमज्जेत ठाण मांडून ऑर्डर नसतानाही प्रतिपिंडं विणतच राहतात. रक्तातली प्रतिपिंडं साधारण तीन आठवड्यांत निम्मी होतात. तरी ती वर्षानुवर्षं सापडतात, म्हणजे कुठेतरी माग चालू आहे. 1918च्या इन्फ्लुएंझाच्या वेळी लहान असलेल्या माणसांचं रक्त नव्वद वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यातल्या काहींत त्या विषाणूला ओळखणाऱ्या बी-पेशी जिवंत मिळाल्या! म्हणून प्रतिपिंडांचा आकडा घसरलेला दिसला की शरीर विसरलं, असं म्हणणं मला घाईचं वाटतं.

तेव्हा चिकनगुनियापुरतं काकूंना बहुधा “हो” म्हणता येतं.

डेंग्यूचं तसं नाही. डास तोच, एडिस. काही दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्याने भरून ठेवलेल्या आपल्या पिंपांत वाढणारा. पण डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एकाची प्रतिपिंडं दुसऱ्याला चिकटतात, पण निकामी करत नाहीत. उलट त्यांना धरूनच तो पांढऱ्या पेशींत शिरतो. म्हणून दुसऱ्या खेपेचा डेंग्यू कधीकधी जास्त बेतणारा.

काकूंना मागे डेंग्यूही झाला होता. जुना रिपोर्ट त्यांनी जपून ठेवलाय. चारातला कुठला, ते त्यावर लिहिलेलं नाही.