नेग्रित्यूद

नेग्रित्यूद : फ्रेंच वसाहतींतून पॅरिसला शिकायला आलेल्या कृष्णवर्णीय तरुणांनी १९३०च्या दशकात उभी केलेली साहित्यिक व वैचारिक चळवळ. कॅरिबियनमधील मार्तिनिक बेटाचे एमे सेझेर (१९१३–२००८), सेनेगलचे लेओपोल्द सेदार सेंगोर (१९०६–२००१) आणि फ्रेंच गयानाचे लेओं-गोंत्रां दामास (१९१२–७८) हे तिचे प्रवर्तक मानले जातात. त्यांच्याही आधी मार्तिनिकच्याच लेखिका पोलेत नार्दाल व त्यांच्या बहिणींच्या पॅरिसजवळच्या क्लामार येथील घरी आफ्रिका, कॅरिबियन बेटे आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय लेखक एकत्र जमत. या बहिणींचे नाव पुढे दीर्घकाळ झाकोळले गेले, हा त्यांच्यावरचा अन्यायच होय.

‘नेग्र’ हा फ्रेंचमधला हिणवण्याचा शब्द. गुलामांच्या व्यापाराशी जोडलेला. शिकलेसवरलेले कृष्णवर्णीय तो स्वतःला लागू नये म्हणून जपत. सेझेर यांनी १९३५ मध्ये ‘लेत्युदियां न्वार’ (कृष्णवर्णीय विद्यार्थी) या नियतकालिकात नेमका तोच शब्द उचलला आणि त्यापासून अभिमानाचे नाव घडवले. ज्यांचे पूर्वज गुलामांच्या जहाजांतून आणले गेले, त्या मुलांना शाळेत ‘आमचे पूर्वज गॉल’ (फ्रान्सचे प्राचीन रहिवासी) असे शिकवले जाई. फ्रेंच व्हायचे तर आधी आफ्रिका विसरा, ही या सामीलीकरणाची अट नेग्रित्यूदने धुडकावली.

दामास यांचा ‘पिग्मां’ हा काव्यसंग्रह १९३७ मध्ये निघाला. १९३९ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. त्याच वर्षी सेझेर यांची मायभूमीला परतण्याविषयीची दीर्घकविता प्रसिद्ध झाली. बंदुकीची दारू किंवा होकायंत्र न शोधणाऱ्यांचा तीत गौरव आहे, आणि नेग्रित्यूद प्रथम उठून उभी राहिली ती हैतीत, असेही ती सांगते. शरमेची गोष्ट ताठ मानेने उच्चारण्याचे तिचे बळ आजही ओसरलेले नाही.

सेंगोर १९६० मध्ये स्वतंत्र सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९६६ मध्ये त्यांनी डाकार येथे कृष्णवर्णीय कलांचा पहिला जागतिक महोत्सव भरवला. मात्र भावना आफ्रिकेची आणि तर्कबुद्धी ग्रीकांची, ही त्यांची विभागणी वसाहतवाद्यांच्याच साच्यात बसणारी होती. तिच्यावरील टीका रास्त आहे. वाघ आपले वाघपण पुकारत नाही, झडप घालतो, असा टोला नायजेरियाचे नाटककार वोले सोयिंका यांनी चळवळीला लगावला. सेझेर यांची भूमिका वेगळी होती: त्यांच्या लेखी नेग्रित्यूद रक्तातून येत नाही, सोसलेल्या इतिहासातून येते.

मुंबईत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून. फ्रेंच भाषेतली ही आधीची चळवळ मराठीत त्यामानाने कमीच पोहोचली.